वांगी किडली म्हणून धानाचा पंप सांदवाडीत नेऊ नका
भंडारा जिल्ह्यातील घरामागच्या वाडीत भाजी, फुले, तण आणि किडी यांचे गणित कसे जुळवायचे?

पोळ्याच्या आसपास धानावर खोडकिडा आणि गादमाशी दिसू लागते आणि तुमसर-मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत पाठीवरचे पंप बाहेर निघतात. बांधीतली फवारणी आटोपते तेव्हा पंपाच्या तळाशी लिटर-दीड लिटर द्रावण उरलेले असते. महागाचे औषध फेकून देणे जिवावर येते. घरामागच्या सांदवाडीत वांग्याच्या झाडांनी शेंडे टाकलेले असतात, भेंडीवर तुडतुडे असतात. उरलेला फवारा तिकडे वळतो. दोन दिवसांनी त्याच झाडाची वांगी तोडून चुलीवर चढतात.

वाडीतली भाजी बाजारापेक्षा चांगली, असे प्रत्येक घरात म्हटले जाते. ताजेपणाबाबत ते खरेही आहे. ‘उमेद’ अभियानाच्या पोषण परसबागा आणि शाळांमधील परसबागा याच भरवशावर उभ्या आहेत. मात्र वरच्या प्रसंगातली वांगी बाजारातल्या वांग्यांपेक्षा धोकादायक ठरू शकतात.

धानाचे औषध भाजीला का चालत नाही?

प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर पिकाचे नाव, मात्रा आणि प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो. प्रतीक्षा कालावधी म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात जाऊ द्यायचे दिवस. हे दिवस औषधावर तसेच पिकावरही ठरतात. धानाच्या खोडकिड्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे द्रवरूप औषध घ्या. त्याचा प्रतीक्षा कालावधी टोमॅटोला ३ दिवस, भेंडीला ५ दिवस, वांग्याला २२ दिवस आणि धानाला ४७ दिवस आहे. औषध एकच, पण दिवसांत एवढा फरक.

आता वांग्याचा हिशेब करा. घरची वांगी दर चार-पाच दिवसांनी तोडावी लागतात, नाहीतर जून होतात. फवारणीनंतर २२ दिवस एकही वांगे खायचे नाही म्हटले तर चार-पाच तोडे मातीत घालावे लागतील. पाच-सात झाडांच्या वाडीत हे कुणी करत नाही. म्हणून घरच्या वांग्यावर अशी औषधे न मारणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

काही औषधांना तर भाजीपाल्यावर परवानगीच नाही. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापराला देशात २००५ पासून बंदी आहे. दाणेदार फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. तरीही माळ्यावर, गोठ्यात जुनी पाकिटे-बाटल्या सापडतात आणि ‘थोडेसेच आहे’ म्हणून वापरल्या जातात. त्या वापरू नयेत. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नयेत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नाही.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचायला शिकावा. लाल त्रिकोण अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त तुलनेने कमी विषारी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती शेते होती, मोकळ्या जागा होत्या. वाडीत तर पंपाच्या दहा फुटांवर पाण्याचा माठ, वाळत घातलेले कपडे आणि खेळणारी मुले असतात.

चुकून अंगावर सांडले तर कपडे बदलून साबणाने भरपूर धुवावे. चक्कर, घाम, डोळ्यांसमोर अंधारी असे काही जाणवले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे. डॉक्टरला औषधाचे नाव कळले की उपचार लवकर सुरू होतात. स्वतःहून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

पंपाबाबत आणखी एक गोष्ट. धानाच्या बांधीत रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक मारतात. तोच पंप नुसता विसळून भाजीवर वापरला, तर टोमॅटो, वांगे, भेंडीची नवी पाने अरुंद होऊन पंजासारखी वाकतात. अनेकांना तो विषाणूजन्य रोग वाटतो आणि ते आणखी एक औषध आणतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि वाडीसाठी एक-दोन लिटरचा हातपंप घ्यावा.

मग वांग्याच्या अळीचे काय?

वांग्याला भोक दिसले की लोक फवारणीला धावतात. प्रत्यक्षात ते भोक अळी बाहेर पडल्याचे असते. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या या अळीचा पतंग पानांवर अंडी घालतो. बारीक अळी काही तासांत कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आत शिरल्याचे छिद्र विष्ठेने बुजवून टाकते. त्यानंतर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे फवारणी बहुतेक वेळा वाया जाते आणि विष मात्र फळावर राहते.

घरच्या वाडीत या अळीवरचा सर्वात चांगला इलाज कात्री आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी झाडे पाहावीत. वाळलेला, मान टाकलेला शेंडा दिसला की दोन-तीन सेंटिमीटर खालून कापावा. कापलेले शेंडे आणि किडलेली वांगी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, तिथे अळी कोषात जाऊन पुन्हा पतंग बनते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत किंवा जाळावीत. झाडाखालची गळालेली पाने गोळा करावीत. जोडीला एक कामगंध सापळा लावता येतो. त्याची वांग्याच्या अळीसाठीची गोळी कृषी सेवा केंद्रात मिळते. त्यात फक्त नर पतंग सापडतात, त्यामुळे सापळा लावला म्हणून कात्री बाजूला ठेवू नये.

मागच्या वर्षीची जुनी झाडे कुंपणाशी तशीच उभी असतील, तर नव्या रोपांची कीड तिथूनच येणार. दोन चार वांगी देतात म्हणून ती ठेवली जातात. उपटलेली बरी. शेजारच्या वाडीत अशी झाडे असतील तर दोन्ही घरांनी मिळून ती काढली तरच उपयोग.

बाकीच्या किडी थोडक्यात

कारली, दोडकी, ढेमसे वाकडी होऊन आतून सडत असतील तर ती फळमाशी. माशी कोवळ्या फळात अंडी घालते. सडके फळ वेलाखाली पडू दिले तर अळी मातीत शिरून कोष करते. रोज फळे वेचून फूटभर खोल पुरावीत. कोवळ्या फळाला वर्तमानपत्राची किंवा बटर पेपरची पिशवी बांधली की फवारणीची गरजच पडत नाही. भोपळावर्गीय वेलांच्या माशीसाठी ‘क्यू-ल्युर’ नावाची गोळी असलेला सापळा मिळतो. आंब्याच्या माशीची गोळी वेगळी असते, ती आणू नये.

मात्र लहान फळ पिवळे पडून गळते आणि आत अळी नसते, तेव्हा दोष किडीचा नसून परागीभवनाचा असतो. दुधी आणि दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, कारले आणि कोहळ्याचे पहाटे-सकाळी. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावे. मादी फुलामागे बारीक फळ असते, त्यावरून ते ओळखू येते. वेल फुलावर असताना सकाळी औषध मारणाऱ्याच्या वाडीत मधमाश्या फिरकत नाहीत आणि मग वेलाला फळ धरत नाही म्हणून खत घातले जाते.

वाल, बरबटीच्या शेंड्यांवर काळा मावा चिकटला असेल तर पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. शेंडा फारच भरला असेल तर खुडून टाकावा. माव्याभोवती लाल-नारिंगी ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नये, त्यांच्या अळ्या आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. भेंडीची पाने पिवळ्या जाळीसारखी झाली की झाड उपटावे. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि रोगट झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. मिरचीवरचा बोकड्या फुलकिडे आणि कोळ्यांमुळे येतो, कधी विषाणूमुळेही. रोपे लहान असतानाच निंबोळी अर्क सुरू केला तर तो आटोक्यात राहतो.

कोका अभयारण्याच्या आणि नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत खरी कीड चार पायांची असते. वानरांच्या टोळीपुढे कोणताच अर्क चालत नाही. तिथे बाहेरच्या कडेला मिरची, हळद, आले, कारले आणि घराच्या भिंतीलगत बाकीची भाजी, अशी मांडणी केली तर नुकसान कमी होते. एवढेच म्हणता येईल.

निंबोळी अर्क कसा करावा, आणि काय करू नये?

पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून गर धुवावा आणि बिया सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवाव्यात. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे. हा पाच टक्के अर्क. उन्हात तो लवकर निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूने करावी. आठवड्याने पुन्हा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांवर त्याचा चांगला परिणाम दिसतो. वांग्यात शिरलेल्या अळीवर होत नाही. बिया नसतील तर १५०० पीपीएमचे तयार निमअर्क औषध लिटरला ५ मिली घ्यावे.

मोबाइलवर फिरणाऱ्या उपायांपैकी तंबाखूच्या पाण्याचा उपाय टाळावा. निकोटिन माणसालाही विषारी आहे आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूरोग लागू शकतो. ‘नैसर्गिक’ म्हटले की निर्धोक, हा समज इथे महागात पडतो. कांद्याच्या सालींचे पाणी, अंड्याची टरफले यांनी अपाय काही नाही, पण शेणखताची जागा ते घेत नाहीत.

झाड ओल्या मातीत का सुकते?

जिल्ह्यातले जुने लोक जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी अशा नावांनी ओळखतात. धान पिकवणारी जमीन चांगली म्हणजे पाणी धरून ठेवणारी. वांगे, मिरची, टोमॅटोला नेमके उलटे हवे असते. मुळांभोवती दिवस-दोन दिवस पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ओल्या मातीत उभे झाड मान टाकते. ते पाहून आणखी पाणी आणि मूठभर युरिया देणे ही वाडीतली सर्वात सामान्य चूक आहे.

सपाट वाफे करूच नयेत. तीन-सव्वातीन फूट रुंद आणि निदान वीतभर उंच गादीवाफा करावा, बाजूने पाणी निघायला चर ठेवावा. वेलांचे बी खोल आळ्यात न लावता मातीच्या उंचवट्यावर लावावे. माती हलकी करायला कुजलेले शेणखत उत्तम. राईस मिलमधली तुसाची काळी राख फुकट किंवा स्वस्तात मिळते, तीही भारी माती भुसभुशीत करते. कच्चे तूस मात्र लवकर कुजत नाही, ते थेट मिसळू नये.

पाणी न तुंबताही झाड हिरवेगार असताना अचानक वाळले, तर खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात धरावे. काही मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्या झाडाला औषध नाही. झाड मुळासकट काढावे आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा लावू नये. पालेभाजी, कांदा किंवा मका लावावा.

माती तपासून घ्यायची असेल किंवा रोग ओळखू येत नसेल तर साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतले हे केंद्र जिल्ह्यासाठीच आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारता येते. विचारण्यापूर्वी पानाची खालची बाजूही पाहून ठेवावी, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

तण: कोणते उपटायचे, कोणते खायचे?

वाडीतले सगळेच तण शत्रू नाही. कोवळा तरोटा, घोळ, चवळाई, केना यांची भाजी पावसाळ्याच्या सुरुवातीला घरोघरी होते. जिथे तरोटा दाट वाढतो तिथे गाजरगवत मागे हटते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र शेजारच्या बांधीत तणनाशक मारले असेल तर बांधावरची रानभाजी तोडू नये.

गाजरगवत फुलण्याआधीच उपटायचे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंद झालेल्या या गवताचे एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या स्पर्शाने, परागांनी त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होतो. हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून काम करावे. पावसाळ्यात त्याची पाने खाणारे पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगे दिसतील. ते मेक्सिकन भुंगे याच कामासाठी देशात आणले गेले, त्यांना मारू नये.

लव्हाळा वेगळा. वरून उपटला की जमिनीतली गाठ तशीच राहते आणि आठवड्यात नवा कोंब येतो. खुरप्याने गाठीसकट खणून काढावा लागतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. गाठीतला साठा संपेपर्यंत हे करत राहायचे. एप्रिल-मेमध्ये वाफा खोल खणून उन्हात उघडा ठेवला तर पुष्कळ गाठी वाळून मरतात. ४५ अंशांच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

बाकी तणांवर धानाचा तणस चांगला. निंदण झाल्यावर रोपांभोवती चार बोटे जाड थर पसरावा, खोडाला चिकटवू नये. तण दबते, पावसाच्या थेंबांनी माती पानांवर उडत नाही आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी कमी लागते. तणसात राहिलेले धान उगवते, ते कोवळे असतानाच उपटता येते. लव्हाळा मात्र तणसातूनही वर येतो.

फुलांचे दिवस उलटे मोजा

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर तारखेपासून मागे मोजावे. बियांपासून रोप व्हायला २५ ते ३० दिवस, लावणीनंतर फुले यायला साधारण ५५ ते ६५ दिवस. म्हणजे दसऱ्याच्या तीन महिने आधी बी पेरायला हवे. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडला तर फांद्या आणि फुले वाढतात, पण बहर आठवडा-दहा दिवस लांबतो. तेही मोजणीत धरावे. वांगी-टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावण्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. अळ्या पळतात असे जे सांगितले जाते त्यावर फार विसंबू नये.

जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापसासारखा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो पुसून काढावा, जास्त झाले असेल तर फांदीच कापावी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण ढेकणांचा गोड स्राव खाणाऱ्या मुंग्या त्यांची राखण करतात.

भंडारा, तुमसर शहरांत गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी त्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवाव्यात, नाहीतर एप्रिलनंतर मुळे भाजतात. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली तरी टोमॅटोला फळ धरत नाही. ३५ अंशांच्या वर फूल गळतेच, त्याला टॉनिक देऊन पैसे घालवू नयेत. कुंडीखालच्या बशीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून बशी घासावी. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करावी. मोगऱ्याची घाई नको. डिसेंबरअखेर पाणी तोडावे, जानेवारी-फेब्रुवारीत फांद्या निम्म्यावर छाटून, उरलेली पाने काढून शेणखत आणि पाणी द्यावे. मार्चपासून कळ्या येऊ लागतात.